सीमेवरील शाळेतून : गुणतक्त्याची शेवटची ओळ

आमच्या सदलग्यात 'हंगाम' हा शब्द कोणी उच्चारला, तर त्याचा एकच अर्थ घेतला जातो. दिवाळी सरली, की दूधगंगेच्या काठच्या उसाला कोयता लागतो. भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रस्ते अडवून धरतात. आणि आम्हां शिक्षकांना हजेरीपट उघडताना धास्ती वाटू लागते. काही नावे फडाकडे वळलेली असतात, तर काही नवे चेहरे तोडणीवाल्यांच्या खोपटांतून येऊन मागच्या भिंतीशी बसलेले असतात. शिमग्याच्या सुमारास हे सारे ओसरते. २०१७-१८ साली मात्र याच चार महिन्यांत आमच्या शाळेतील सातवीच्या एका मुलाच्या तोंडी 'हंगाम' हा शब्द अगदी निराळ्या अर्थाने वावरत होता. तो अर्थ फुटबॉलचा होता. त्या हंगामाने त्या मुलास काय दिले आणि आम्हांस काय शिकविले, ते आज या सदरातून सांगावे असे मनात आहे.

मराठीचा एम. ए. झालेला मुख्याध्यापक फुटबॉलवर लिहू लागला, याचे इंदूर-बडोद्याच्या आमच्या काही वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्यांचे आजोळ कोल्हापूरकडचे आहे, त्यांना ते वाटणार नाही. महाराष्ट्रात इतरत्र क्रिकेटने मुलांची मने व्यापली असता कोल्हापूरने फुटबॉलला आपल्या उराशी धरले. तेथील तालमी मूळच्या कुस्तीच्या. तथापि पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावे आज फुटबॉलच्या संघांची म्हणूनही त्या नगरीत गाजतात. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचे संघ समोरासमोर उभे राहिले, म्हणजे घराघरांत दोन तट पडतात. नदी ओलांडून थोडे पुढे गेले, की आमच्याकडून महाराष्ट्राची हद्द लागते. नकाशावरची ती रेघ एस. टी.च्या प्रवाशांना जाणवते, पण नात्यागोत्यांना आणि खेळांच्या वेडाला ती आजवर जाणवलेली नाही.

आमच्या या विद्यार्थ्याचे मामा कोल्हापुरात होते. सुटीत तो त्यांच्याकडे जाई आणि परतताना डोक्यात फुटबॉल भरून आणी. त्या वर्षी तर त्यास निमित्तही तसेच लाभले होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात भरली आणि यजमान म्हणून भारताच्या संघास तीत प्रथमच स्थान मिळाले. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा आघाडीचा खेळाडू होता. भारताचे तिन्ही सामने दिल्लीस झाले आणि तिन्ही आपण हरलो: अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४. कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जॅक्सन सिंगने डोक्याने मारलेला गोल हा या विश्वचषकातील भारताचा पहिला आणि एकुलता एक गोल. हिशेब इतकाच. परंतु कोल्हापूरच्या पेठांना त्या हिशेबाशी कर्तव्य नव्हते. आपला मुलगा विश्वचषकात खेळला, हे त्यांना पुरेसे होते आणि आमच्या सातवीतील विद्यार्थ्यालाही.

विश्वचषक संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने या मुलांचा आणि एकोणीस वर्षांखालील काही खेळाडूंचा मिळून 'इंडियन अ‍ॅरोज' नावाचा संघ उभा केला आणि तो थेट 'आय-लीग'मध्ये उतरविला. या नावाचा असाच एक प्रयोग पूर्वी होऊन २०१३ साली बंद पडला होता. त्याचे हे पुनरुज्जीवन. आय-लीग ही त्या वेळी देशाची अधिकृत सर्वोच्च साखळी स्पर्धा होती. १९९६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगची जागा तिने २००७ साली घेतली. 'इंडियन सुपर लीग' ही अधिक श्रीमंत स्पर्धा २०१४ पासून तिच्या शेजारी उभी होती, तरी सर्वोच्चपणाचा मान अद्याप तिच्याकडे गेलेला नव्हता.

साखळी पद्धत कशी चालते, हे आमच्या भगिनीवर्गासाठी थोडक्यात सांगावयास हवे. बाद पद्धतीत एकदा हरला तो घरी गेला. साखळीत तसे नसते. येथे प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्याच्या. त्या वर्षी संघ दहा. म्हणून प्रत्येकाच्या वाट्यास अठरा सामने आणि एकूण सामने नव्वद. विजयास तीन गुण, बरोबरीस एक, पराभवास शून्य. एखादा दिवस वाईट गेला तर तो पुढे भरून काढता येतो; उलट एखादा दिवस चमकून भागत नाही. आम्हांस तर ही पद्धत वार्षिक परीक्षेपेक्षा वर्षभराच्या अभ्यासाच्या अधिक जवळची वाटते. अर्थात् शेवटी तळाशी राहणाऱ्यास खालच्या श्रेणीत ढकलले जाण्याची टांगती तलवार तीतही असतेच.

इंडियन अ‍ॅरोजपुरती मात्र ही तलवार काढून ठेवण्यात आली होती. हा संघ कितीही हरला, तरी त्यास खाली ढकलावयाचे नाही, असे आधीच ठरले होते. दुसरीकडे त्यात परदेशी खेळाडू एकही नव्हता. समोर मोहन बागान आणि ईस्ट बंगालसारखे मातबर संघ, त्यांच्यात आफ्रिकेतून आलेले धिप्पाड गडी आणि इकडे सतरा-अठरा वर्षांची मिसरूड न फुटलेली पोरे.

नोव्हेंबरच्या अखेरीस गोव्यात बांबोळी येथे या पोरांचा पहिला सामना झाला. त्यांनी चेन्नई सिटी संघास ३-० असे हरविले आणि त्यांतील दोन गोल अनिकेत जाधवचे होते. दुसऱ्या दिवशी आमचा विद्यार्थी शाळेत आला, तो वर्तमानपत्राचा कपटा खिशात घालूनच. मधल्या सुटीत त्याच्याभोवती मुलांचा घोळका जमे आणि तो कपटा हातोहात फिरे. आम्ही ते व्हरांड्यातून पाहत होतो आणि खरे सांगावयाचे तर थोडे रागानेच पाहत होतो. कारण याच मुलाविषयी त्याच्या वर्गशिक्षकांची तक्रार होती, की त्यास वाचता येत नाही.

वाचकहो, सातवीतल्या मुलास वाचता येत नाही हे वाक्य लिहिताना आमची लेखणी आजही अडखळते. परंतु ते खोटे नव्हते. शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि त्यान्वये आठवीपर्यंत कोणत्याही मुलास नापास करून त्याच वर्गात ठेवण्यास बंदी झाली. या तरतुदीमागील हेतू उदात्त होता, याविषयी आम्हांस यत्किंचितही शंका नव्हती आणि नाही. नापासाचा शिक्का बसलेली कितीतरी मुले, विशेषतः मुली, शाळा सोडून फडावर आणि वखारीत गेलेली आम्ही आमच्या उमेदवारीच्या काळात पाहिलेली आहेत. परंतु नापास करावयाचे नाही याचा अर्थ मोजावयाचेही नाही, असा सोयीस्कर अर्थ आम्ही लावून घेतला. तो मुलगा पहिलीपासून पुढे सरकत आला. आम्ही या शाळेत रुजू होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. म्हणजे त्याच्या चार प्रगतिपत्रकांवर खाली सही आमची होती. प्रत्येकावर 'समाधानकारक' असे लिहिलेले होते.

जानेवारीत एके दिवशी आम्ही त्यास कचेरीत बोलावले आणि पाठ्यपुस्तक उघडून समोर ठेवले. तो मान खाली घालून उभा राहिला. दोन अक्षरे लावली, तिसऱ्याशी थांबला. मग आम्हीच म्हणालो, "खिशात काय आहे, ते वाच." त्याने भीत भीत कपटा काढला. तो गुणतक्ता होता. त्याने त्यावर बोट ठेवले आणि वरून खाली नावे सांगत गेला: मिनर्व्हा पंजाब, ईस्ट बंगाल, नेरोका, मोहन बागान... आम्ही चकित झालो. परंतु क्रम बदलून मधलेच एक नाव विचारले, तेव्हा ध्यानात आले, की हे वाचन नव्हते. मित्रांकडून ऐकून त्याने ओळी पाठ केल्या होत्या आणि शब्दांचे नुसते आकार ओळखीचे झाले होते. शेवटच्या ओळीवर मात्र त्याचे बोट स्थिरावले. 'इंडियन अ‍ॅरोज' ही अक्षरे तो खरोखर वाचत होता.

"शेवटचा नंबर आहे की रे तुझ्या संघाचा," आम्ही म्हणालो.

तो म्हणाला, "शेवटचा हाय, खरं त्यास्नी खाली काढीत न्हाईत, सर. आनि गुन लिवत्यात की समद्यांच्या देखत."

आमच्या या भागात 'खरं' हा शब्द 'परंतु' या अर्थी बोलला जातो, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. त्या पोराला आपण काय बोललो, याची कल्पना असणे शक्य नव्हते. परंतु आम्हांस मात्र त्या दोन वाक्यांनी रात्रभर झोप येऊ दिली नाही. त्याच्या संघास हाकलले जात नव्हते आणि त्याच्या संघाची स्थिती लपविलीही जात नव्हती. आम्ही आमच्या शाळेत पहिली गोष्ट केली होती. दुसरी टाळली होती. न हाकलणे ही दया झाली. पण खरे गुण न लिहिणे ही दया नव्हे, ती आपली सुटका आहे.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही एक क्रम आरंभिला. मधल्या सुटीनंतरची वीस मिनिटे त्या मुलाने कचेरीत यावयाचे आणि वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावरील फुटबॉलची बातमी आमच्यासमोर वाचावयाची. क्रिकेटच्या धामधुमीत आय-लीगला कधी तीन ओळी मिळत, कधी तेवढ्याही नाहीत. ज्या दिवशी बातमी नसे, त्या दिवशी आम्ही मोबाइलवर शोधून निकाल काढीत असू आणि आपल्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहून देत असू. झालेल्या सामन्यांचीही उजळणी होई. डिसेंबरच्या अखेरीस दिल्लीत अ‍ॅरोजने शिलाँग लाजोंगला ३-० असे हरविले होते. त्यात नोंगदांबा नाओरेम या मुलाने प्रतिपक्षाच्या रक्षकांना एकामागून एक चकवीत केलेला गोल पुष्कळ गाजला होता. पाठोपाठ कोलकात्यात मोहन बागानसारख्या १८८९ साली स्थापन झालेल्या संघाशी त्यांनी १-१ अशी बरोबरी साधली. 'बरोबरी' हे जोडाक्षर नसलेले सोपे अक्षरबंध त्याने झटकन वाचले. 'प्रतिस्पर्धी' या शब्दाशी मात्र चार दिवस झटापट चालली. गणिताचेही काम त्यातच होई. अठरापैकी किती झाले, किती राहिले, उरलेले सारे जिंकले तर किती गुण होतील, हे त्यास बोटांवर येऊ लागले.

संघ मात्र हरत होता. पराभवाची बातमी वाचताना त्याचा आवाज खाली जाई. एकदा त्याने विचारले, की त्यांना काढणारच नाहीत, तर ते एवढे पळतात कशाला? आम्ही उत्तर दिले नाही; त्यालाच पुढील आठवड्याची बातमी वाचावयास लावली.

८ मार्च २०१८ हा त्या हंगामाचा शेवटचा दिवस. असा शेवट क्वचित पाहावयास मिळतो. एकाच दिवशी, एकाच वेळी तीन ठिकाणी तीन सामने आणि विजेतेपद मिळण्याची शक्यता चार संघांना. पंचकुला येथे मिनर्व्हा पंजाबने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला १-० असे हरविले. तिकडे ईस्ट बंगाल आणि नेरोका यांची १-१ अशी, तर मोहन बागान आणि गोकुळम केरळ यांचीही १-१ अशी बरोबरी झाली. मिनर्व्हाचे ३५ गुण, इंफाळहून त्याच वर्षी वरच्या श्रेणीत आलेल्या नेरोकाचे ३२ आणि कोलकात्याच्या दोन्ही जुन्या संघांचे ३१-३१. ज्या चर्चिलने २००८-०९ आणि २०१२-१३ अशी दोन वर्षे हीच स्पर्धा जिंकली होती, तो संघ नवव्या स्थानी घसरला. आणि दहावी, म्हणजे शेवटची ओळ इंडियन अ‍ॅरोजची. अठरा सामने, चार विजय, तीन बरोबरी, अकरा पराभव, गुण पंधरा.

दुसऱ्या दिवशी ही बातमी आमच्या विद्यार्थ्याने कचेरीत वाचली. अडखळत, परत मागे जात, घाम पुसत वाचली. पण कोणाच्या मदतीवाचून वाचली. बाहेर उसाची शेवटची वाहने चालली होती. त्या वर्षीच्या त्याच्या प्रगतिपत्रकावर आम्ही 'समाधानकारक' असे लिहिले नाही. 'वाचन चौथीच्या पातळीचे. जानेवारीत पहिलीच्या पातळीचे होते' असे लिहिले. त्याच्या मातोश्रींना बोलावून ते वाचून दाखविले. त्या माउलीने डोईवरचा पदर सावरीत विचारले, "म्हंजी नापास न्हवं, गुर्जी?" आम्ही म्हणालो, "नापास नव्हे, बाई. पण पास म्हणून आम्ही आजवर लिहीत होतो, तेही खरे नव्हते." त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी ते पत्रक घडी घालून पदराच्या गाठीत बांधले. आमच्या नोकरीतील फार थोडे प्रसंग आम्हांस इतके जड गेले असतील.

पुढील वृत्तांत थोडक्यात सांगावयाचा. पहिल्याच दिवशी या पोरांकडून हरलेला चेन्नई सिटी त्या वर्षी आठवा आला होता; तोच पुढच्या, म्हणजे २०१८-१९ च्या हंगामात विजेता ठरला. त्याआधी ऐझॉल संघाचेही असेच झाले होते. २०१५-१६ मध्ये खालच्या श्रेणीत गेलेला तो संघ, काही संघांनी माघार घेतल्यामुळे परत घेतला गेला आणि २०१६-१७ मध्ये त्याने विजेतेपद मिळविले. तक्त्यातील ओळ ही त्या वर्षाची असते, त्या संघाच्या कपाळावरची नसते. अ‍ॅरोजच्या त्या हरणाऱ्या पोरांपैकी जॅक्सन सिंग आणि सुरेश सिंग पुढे भारताच्या मुख्य संघात खेळले. अनिकेत जाधव जमशेदपूर, हैदराबाद अशा संघांतून खेळला आणि २०२२ साली तोही भारताच्या मुख्य संघाकडून मैदानात उतरला. अकरा पराभव त्यांच्या नावावर आहेतच. ते कोणी पुसले नाहीत आणि पुसण्याचे कारणही नव्हते.

नापास न करण्याच्या धोरणातही बदल झाला. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीस परीक्षा घेण्याची आणि फेरपरीक्षेनंतरही अनुत्तीर्ण राहिल्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. यावर विद्वानांत वाद चालू आहेत. आम्ही खेड्यातील मास्तर; आमचे म्हणणे लहान आहे. मूल काढून टाकणे सोपे असते आणि त्याच्याकडे न पाहता त्यास पुढे ढकलणे त्याहूनही सोपे असते. त्यास ठेवून घेऊन, खऱ्या प्रतिस्पर्ध्यांसमोर उभे करून, त्याचे पंधरा गुण पंधराच लिहिणे आणि सोळाव्यासाठी त्याच्याबरोबर बसणे, हे मात्र कष्टाचे आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या आमच्या वाचकांस यातील एक गोष्ट घरी करून पाहता येईल. बंगळूर, हैदराबाद, तंजावर येथून येणाऱ्या पत्रांतून एक खंत नेहमी व्यक्त होते, की मुले घरात मराठी बोलतात, पण वाचीत नाहीत. आपणही त्यांच्यापुढे थोर ग्रंथ ठेवतो आणि ती दूर पळतात. त्यांना ज्याचे वेड आहे, त्याच्या दोन ओळी मराठीत काढून, स्वहस्ते लिहून द्याव्यात. मग तो फुटबॉल असो, पतंग असो वा आगगाडीचे वेळापत्रक. आणि आजवर त्यांना वाचता येत होते असे आपण जे पाहुण्यांना सांगत आलो, ते खरे होते का, हेही एकदा आपणच तपासावे.

तो विद्यार्थी दहावी झाला. गुण सामान्यच पडले. इचलकरंजीस यंत्रमागाच्या कारखान्यात तो आता काम करतो आणि रविवारी फुटबॉल खेळतो. गेल्या दिवाळीस घरी आला होता. पाया पडला आणि जरा वेळ थांबून म्हणाला, "सर, अ‍ॅरोज संघ बंद केला की हो त्यांनी." ते खरे आहे. महासंघाने २०२२ साली तो संघ मोडला. सर्वोच्च स्पर्धेचा मानही आय-लीगकडून सुपर लीगकडे गेला. आम्ही काही सांत्वनाचे बोलणार, तोच त्याने विचारले, की आपल्या शाळेतली ती वीस मिनिटे अजून चालू आहेत का?

चालू आहेत. या वर्षी तिघे येतात. त्यांपैकी एका मुलीस फुटबॉलचा गंधही नाही. तिला बाजारभावाचे कोष्टक वाचावयाचे असते.